‘द टिन रूफ ब्लोडाऊन’: पूर बघितलेल्या माणसानं वाचायचा थ्रिलर

आधीच सांगून टाकतो. पुस्तकाचा पहिला एक तृतीयांश हिस्सा नाद खुळा आहे, मधला बरा आहे आणि शेवटचा नेहमीचाच, म्हणजे विकृत व्हिलन, हिरोच्या घरच्यांवर संकट, धावपळ, मारामारी. तरीपण घ्या म्हणतोय मी, आणि कोल्हापूर, शिरोळ, सांगली इकडच्या लोकांनी तर नक्कीच घ्या. कारण यातला पूर देखाव्यापुरता नाही, गोष्टीतला मुख्य गुन्हा घडतो तोच मुळी पाण्यामुळं. बाकीच्या थ्रिलरमध्ये पाऊस कशाला असतोय, तर रात्र अजून काळी वाटावी आणि खुन्याच्या बुटाला चिखल लागावा म्हणून, इथं पाणी शिरल्याबरोबर गावात कायदा कुठं उरतो आणि कुठं उरत नाही हेच लेखक बघत बसलाय.

पुस्तक जेम्स ली बर्क यांचं, 2007 सालचं. डेव्ह रॉबिशो नावाच्या पोलीस डिटेक्टिव्हची त्यांची मोठी सिरीज आहे त्यातलं हे सोळावं, पण आधीची पंधरा वाचलीच पाहिजेत असं काही नाही, मी पण सगळी वाचलेली नाहीत, काही अडत नाही. डेव्ह हा व्हिएतनाम युद्धातनं आलेला, दारू सोडलेला (आणि ती सोडल्याची रोज आठवण ठेवणारा), कट्टर कॅथलिक, अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या न्यू आयबेरिया नावाच्या लहान गावातला पोलीस. त्याचा दोस्त क्लीट पर्सेल म्हणजे एक नंबर कॅरेक्टर, पूर्वी पोलिसात होता, आता जामिनावर सुटून पळालेल्या लोकांना धरून आणायचं काम करतो, अंगानं दांडगा, मनानं चांगला आणि जाईल तिथं राडा. आपल्या तालमीत असा एखादा असतोयच.

काळ आहे ऑगस्ट 2005 चा. आता हे साल ऐकल्यावर इथल्या माणसाच्या डोक्यात काय येतं ते वेगळं सांगायला नको, 26 जुलैला मुंबई बुडाली आणि त्याच पावसात आपली पंचगंगा आणि खाली कृष्णा पण फुगली, कोल्हापूर-सांगली दोन्हीकडं पाणी. इथलं पाणी ओसरून भिंतीवरचा ओला पट्टा वाळायच्या आत तिकडं 29 ऑगस्टला कतरिना नावाचं चक्रीवादळ लुईझियानाच्या किनाऱ्यावर धडकलं. तेव्हा टीव्हीवर तिथलं न्यू ऑर्लिन्स शहर बघताना मला वाटलेलं की एवढा मोठा देश, हेलिकॉप्टरं ढिगानं असतील, दोन दिवसांत काढतील सगळ्यांना बाहेर. तसं काय झालं नाही. शहराचा जवळजवळ 80 टक्के भाग पाण्याखाली गेला, हजारावर माणसं गेली आणि लोक कितीतरी दिवस छपरांवर, पुलांवर, सुपरडोम नावाच्या स्टेडियममध्ये नुसते वाट बघत बसले.

गोष्ट थोडक्यात सांगतो, शेवट फोडत नाही. लोअर नाइन्थ वॉर्ड नावाचा गरीब, बहुतेक काळ्या लोकांचा भाग आहे, तिथं ज्यूड लब्लाँ नावाचा एक पाद्री आहे, स्वतः आजारी, मॉर्फिनचं व्यसन लागलेला, म्हणजे तसा पडलेला माणूस. शहर सोडून जायची संधी असूनपण हा लोकांसाठी मागं थांबतो. पाणी चढतं, लोक चर्चच्या माळ्यावर अडकतात, वर छप्पर आणि खालनं पाणी, आणि हा कुठनं तरी बोट मिळवून छप्पर फोडून त्यांना बाहेर काढायला बघतो. तेवढ्यात चार पोरं येतात. त्यांना ती बोट पाहिजे असते. बोट जाते. पाद्री बेपत्ता. माळ्यावरच्या लोकांचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही, ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग ती चार पोरं त्याच बोटीतनं श्रीमंतांच्या वस्तीत लुटायला जातात आणि नेमकं घर फोडतात ते सिडनी कोविक नावाच्या गुंडाचं, जो वरनं फुलांचं दुकान चालवतो. भिंती फोडून त्यातनं यांना असलं काय काय सापडतं, हिरे पण, की तिथनं पुढं यांचा जीव थाऱ्यावर राहतच नाही. आणि शेजारच्या घरांकडनं अंधारातनं एक गोळी सुटते. एकच गोळी, एक पोरगा जागीच जातो आणि दुसरा कायमचा लुळा होतो. त्या गल्लीत ओटिस बेलर नावाचा विमावाला राहतोय, त्याच्या मुलीवर आधी अत्याचार झालेला आहे, त्याच्याकडं रायफल आहे. गोळी कुणी झाडली? डेव्हला मदतीला म्हणून त्याच्या गावातनं न्यू ऑर्लिन्सला धाडलेलं असतं आणि तपास त्याच्या गळ्यात येतो. पुरावा पाण्यात, साक्षीदार गाव सोडून गेलेले, पोलीस स्टेशनं बुडालेली, कोर्ट बंद. असला तपास मी तरी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेला नाही.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की सगळं कथानक एका बोटीवर उभं आहे. हिरे-बिरे नंतर येतात, पहिला गुन्हा बोटीचा. ज्यानं पूर बघितला नाही त्याला हे जरा किरकोळ वाटेल, बोटीसाठी कोण एवढं करतं असं. 2019 च्या ऑगस्टमध्ये जे चिखलीत, आंबेवाडीत, शिरोळ तालुक्यातल्या गावांत स्लॅबवर बसले होते त्यांना विचारा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांच्या वर गेलेली, आपली धोका पातळी 43 फूट, म्हणजे विचार करा. हायवे शिरोलीला बंद, पेट्रोल नाही, दूध-भाजी नाही आणि सगळा जिल्हा एकाच प्रश्नावर, बोट कधी येणार. एनडीआरएफ आली, लष्कर आलं, नौदल आलं, आपले व्हाईट आर्मीवाले (बचावकार्य करणारे स्वयंसेवक), तालमींची पोरं सगळे पाण्यात उतरले. आणि तिकडं पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून काय झालं ते तर सगळ्यांना माहिती आहे, बोटी कमी आणि माणसं जास्त. पोटाशी पोरगं धरून स्लॅबवर बसलेल्या माणसाला समोरनं जाणारी बोट कशी दिसत असेल हे बर्क यांनी बरोबर पकडलंय. आपल्याकडं बोट हिसकावून घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही, बोटीत आधी म्हातारी माणसं घ्या म्हणून भांडणं झाली तेवढीच, पण भीती तीच.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी कुठनं येतं. बाहेरच्या माणसाला वाटतं नदीला पूर आला म्हणजे नदीकडनं लाट येते. कोल्हापुरात पाणी आधी मागच्या दारानं येतं, जयंती नाल्यातनं उलटं, नाला जे पाणी नदीत सोडायला आहे तोच नदीचं पाणी शहरात घेऊन येतो, दसरा चौक, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सगळीकडं ते हळूहळू पसरतं. इंच इंच चढतं आणि चार-चार दिवस हलत नाही. न्यू ऑर्लिन्सचं वाचताना मला हेच दिसलं आणि मी जरा शोधून वाचलं. ते शहर बशीसारखं खोलगट, बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली, पावसाचं पाणी पंपानं उपसून कालव्यांतनं वरच्या पाँचरट्रेन तळ्यात सोडायचं अशी रचना. वादळानं तळं फुगलं, पाणी त्याच कालव्यांत उलटं शिरलं आणि 17 नंबर स्ट्रीटच्या आणि लंडन ॲव्हेन्यूच्या कालव्याच्या भिंती फुटल्या. आणि त्या काठोकाठ भरून वरनं पाणी वाहिल्यामुळं नाही फुटल्या, पाणी काठाच्या खाली असतानाच कोसळल्या. डिझाईनच चुकलेलं, हे अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर खात्यानं 2006 मध्ये स्वतः मान्य केलं. लोअर नाइन्थ वॉर्डजवळ इंडस्ट्रियल कॅनॉलची भिंत फुटली तिथं मात्र हळूहळू वगैरे काही नाही, पाण्याचा लोंढा घरं पायातनं उचलून घेऊन गेला. मग पाणी उपसायला महिन्याच्या वर लागला आणि मध्येच 24 सप्टेंबरला रीटा नावाचं दुसरं वादळ येऊन गेलं, ते पण पुस्तकात आहे. म्हणजे ज्याला आपण नैसर्गिक आपत्ती म्हणतो त्यात माणसानं बांधलेलं किती आणि आभाळातनं पडलेलं किती, आपल्याकडं अलमट्टी, पूररेषा, नदीपात्रातले भराव यावर दर पावसाळ्यात जे भांडण चालतंय तेच. बर्क हे इंजिनिअरिंग समजावत बसत नाहीत पण त्यांचा राग पानापानावर आहे.

गाव का सोडलं नाही हा प्रश्न पण तसाच. न्यू ऑर्लिन्सच्या मेयरनी आदल्या दिवशी, 28 ऑगस्टला, सगळ्यांनी शहर सोडा असा हुकूम काढला. पण ज्याच्याकडं गाडी नाही, खिशात पैसे नाहीत, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यानं जायचं कुठं आणि कशानं? एसीत बसून ‘सांगूनपण हलले नाहीत’ म्हणणारे इकडं पण होते. आपली चिखलीची मंडळी पाणी चढायला लागलं की जनावरं घेऊन सोनतळीला जातात, त्यांची ती सवयच आहे, पण म्हशी कुठं बांधायच्या, वैरण कुणी आणायची, घर उघडं टाकून गेलो आणि चोरी झाली तर, हे सगळं असतं की. चोरीच्या भीतीनं घरातला एक गडी मागं माळ्यावर ठेवायचा ही पद्धत आपल्याकडच्या प्रत्येक पूरगावात आहे. हे वाचताना ओटिस बेलरची गल्ली जास्त कळते. उजेड नाही, पोलीस नाहीत, हातात बंदूक आणि काळ्या पाण्यातनं बोटीचा आवाज येतोय. त्यातले काही शेजारी तर कुणीतरी यावं आणि आपल्याला गोळी घालायला मिळावी अशी वाट बघतच बसलेले, ते वाचून अंगावर काटा येतो.

आता विमा. हा भाग परीक्षणात कुणी काढत नाही म्हणून मी मुद्दाम काढतोय. ओटिस विम्याचा माणूस असणं ही लेखकाची फार हुशारीची निवड आहे. तिकडं घराच्या साध्या विम्यात वाऱ्यानं झालेलं नुकसान धरतात, पुराचं धरत नाहीत, पुराचा विमा सरकारी योजनेचा, वेगळा घ्यायचा. त्यामुळं कतरिनानंतर हजारो घरांपुढं एकच वाद, आधी वाऱ्यानं छप्पर उडालं की आधी पाण्यानं भिंत पडली? घर तर गेलंय, जागेवर नुसता चौथरा, आणि कुणीतरी कोट घालून येऊन विचारतोय, काका आधी काय गेलं. हसू नका, आपल्याकडं 2019 ला घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तरच गहू-तांदूळ मिळणार असा जीआर निघालेला, सगळीकडं बोंब झालेली आठवतीय का. आणि दुकानदारांचं वेगळंच. आगीच्या पॉलिसीत वादळ-पूर यांचं जे कव्हर असायचं, एसटीएफआय म्हणतात त्याला, ते काढून टाकलं की तेव्हा प्रीमियम कमी बसायचा. लक्ष्मीपुरीतल्या माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या पॉलिसीत ते कव्हर नव्हतंच, एजंटनं सांगितलं नव्हतं, पाणी ओसरल्यावर कळलं. सगळा माल चिखलात आणि हातात आगीचा विमा. मी त्याला हे पुस्तक वाच म्हणालो तर म्हणाला, मला ते वाचायची गरज नाही.

पोलिसांबद्दल पुस्तक बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. डेव्ह स्वतः पोलीस असूनपण आपल्या लोकांना सोडत नाही, ड्युटी टाकून पळालेले पोलीस, हात धुऊन घेणारे पोलीस, आणि दिवस दिवस पाण्यात उभं राहून माणसं काढणारे पोलीस, सगळे येतात. पण एक लक्षात ठेवून वाचा की पुस्तक 2007 चं आहे. न्यू ऑर्लिन्सच्या डँझिगर पुलावर 4 सप्टेंबर 2005 ला पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, दोघं मेले, चौघं जखमी झाले आणि वरनं खोटी केस रचली, ते प्रकरण पुढं वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी 2016 ला पाच माजी पोलिसांनी गुन्हा कबूल केला. उलट सुपरडोममधल्या खुनांच्या, बलात्कारांच्या ज्या बातम्या तेव्हा जगभर गेल्या त्यातल्या बऱ्याच नंतर अफवा निघाल्या. पुरात अफवा पाण्याच्या आधी पोचते, 2019 ला धरण फुटलं म्हणून व्हॉट्सॲपवर मेसेज फिरलेले तसंच. तर एवढं सगळं कळल्यावर आज वाचताना लुटारूंची पानं जरा जास्तच रंगवल्यासारखी वाटतात आणि वर्दीतल्या लोकांची जरा कमी. काळ्या पात्रांच्या तोंडची भाषा पण गोऱ्या लेखकानं कान लावून लिहिलेली आहे हे जाणवत राहतं.

पण त्यातनंच पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पात्र आलंय, बर्ट्रंड मेलंकन. त्या चारातला एक. याला तुम्ही पहिल्यांदा बघता तेव्हा तुमची सहानुभूती शून्य असते, असायलाच पाहिजे, यानं केलंयच तसलं. पण नंतर लेखक त्याला सोडत नाही, त्याच्या पोटातलं दुखणं, मागं लागलेले लोक, लुळा पडलेला भाऊ आणि चर्चच्या छपराजवळ जे झालं ते डोक्यातनं न जाणं. माफी मागायची असते पण कुणाकडं आणि कशी मागायची हेच कळत नाही, तो जे काही करायला जातो ते वेडंवाकडं होतं. त्याला माफ करा असं लेखक कुठं म्हणत नाही, आणि तरी आपण त्याच्या पानांची वाट बघायला लागतो. डेव्हची पानं ‘मी’ म्हणून आहेत आणि बर्ट्रंड, ओटिस यांची तिऱ्हाइताच्या नजरेतनं, ही अदलाबदल सुरुवातीला खटकते, मग सवय होते.

बोअर कुठं होतं तेही सांगतो. रोनाल्ड ब्लेडसो नावाचा एक व्हिलन येतो, थंड, विकृत, डेव्हच्या मुलीच्या, ॲलफेअरच्या, मागं लागतो. भीती वाटते नाही असं नाही, पण हा माणूस कुठल्याही थ्रिलरमध्ये चालला असता, त्याला कतरिना लागत नाही. तो आला की गोष्ट न्यू ऑर्लिन्स सोडून डेव्हच्या गावात जाते, पाणी मागं राहतं आणि पुस्तकातला दम पण तिथंच मागं राहतो. हिऱ्यांच्या मागं कोण कोण आहे त्याची गुंतागुंत तर एवढी की मला मागची पानं उलटून बघायला लागली. आणि डेव्ह फार बोलतो. पाप, पुण्य, व्हिएतनाम, देश कुठं चाललाय, एकेकदा म्हणावं वाटतं लगा तपास कर की आता. बायकांची पात्रं पण जरा हात राखून आहेत. डेव्हची बायको मॉली पूर्वी नन होती, एवढं भारी कॅरेक्टर हाताशी असताना तिला फार काम दिलेलं नाही.

इंग्रजी अवघड आहे हे पण मान्य करायला पाहिजे. वाक्यं लांब, बायू, म्हणजे तिकडच्या संथ पाण्याच्या ओढ्यांची, झाडांची, वासांची वर्णनं फार, फ्रेंच वळणाची नावं उच्चारायलाच येत नाहीत. पण ती वर्णनं टाळू नका. सडलेल्या पाण्याचा, बंद पडलेल्या फ्रीजमधल्या मांसाचा, मेलेल्या जनावरांचा वास, पाणी ओसरल्यावर सगळ्यावर बसलेला तो राखाडी थर, दारांवर शोधपथकांनी रंगानं मारलेल्या फुल्या, आत किती मेलेले सापडले त्याच्या आकड्यासकट. पूर ओसरल्यावर कुरुंदवाड, नृसिंहवाडीकडं जे साफसफाईला गेले होते त्यांना तो वास पुस्तकातनं येईल. टीव्हीला वास नसतोय म्हणून पूर लांबनं बघणाऱ्याला तो कधी कळत नाही, बर्क यांनी तो कळवलाय.

वाचायला जमणार नसेल तर ऑडिओबुक आहे, विल पॅटन यांच्या आवाजात, लुईझियानाचा हेल असा काय धरलाय की गाडी चालवताना ऐकत राहावं. टॉमी ली जोन्सचा ‘इन द इलेक्ट्रिक मिस्ट’ हा पिक्चर याच डेव्हचा, कतरिनानंतरच्याच लुईझियानातला, पण तो सिरीजमधल्या वेगळ्या पुस्तकावर आहे, हाच समजून लावू नका. घरात बारकी पोरं पुस्तकं चाळत असतील तर वर ठेवा, हिंसा आणि अत्याचाराचे प्रसंग चांगलेच उघडे आहेत. आणि ज्यांनी पुरात घरचं माणूस गमावलंय त्यांना हे भेट म्हणून देऊ नका, चर्चच्या छपराचा प्रसंग झेपणार नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले तीन पहिल्या भागाचे आणि अर्धा बर्ट्रंडचा. माझी कॉपी सध्या आमच्या गल्लीतल्या एका विमा एजंटकडं आहे, निदान ओटिस बेलरची पानं तेवढी वाच म्हणून दिलीय, बघू त्याचं काय म्हणणं पडतंय.